नारिंगी पाण्यातली बोटं

माझ्या बोटांवर आता रेषा राहिल्या नाहीत. अंगठा तर पोलपाटाच्या कडेसारखा गुळगुळीत झालाय. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी माझा हात हातात घेऊन बघतो, मग "अरेरे" म्हणतो आणि दुसऱ्याच गोष्टीवर जातो. मला त्या अरेरेचा लय राग येतो. बोटं काही एका रात्रीत अशी झाली नाहीत. सगळा संसार लागला त्याला, आणि तो संसार घरादाराच्या डोळ्यांदेखत झाला.

सेलूला आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, डॉक्टरांची पाकिटं, जावळाची आमंत्रणं, असलं सगळं छापायचो. पार देवगाव फाट्यापासून गिऱ्हाईक यायचं. दुकानात पुढं आमचे हे बसायचे आणि मागच्या खोलीत मी. त्यांना गिऱ्हाईक मालक म्हणायचं आणि मला "वहिनी, चहा होऊ द्या" म्हणायचं. आता खरं सांगते, अक्षर छापणं काही अवघड नसतं. जाळीवर शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीनं ओढायची. अवघड काम असतं ते अक्षर आधी जाळीवर आणण्याचं, आणि ते पहिल्यापासून माझ्या गळ्यात होतं.

ते काम असं. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवलेलं असतं. त्यावर एक दाट, चिकट मसाला पसरायचा. त्या मसाल्यात आधी नारिंगी खडे विरघळवलेलं पाणी कालवायचं. ते पाणी पडलं की मसाल्याला उजेड सोसत नाही, म्हणून पुढचं सगळं अंधारात करायचं. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीला मी जुनी वाकळ खिळ्यांनी ठोकली होती. जाळी पंख्याखाली वाळली की तिच्यावर काळ्या अक्षरांचा कागद ठेवायचा, वर काच, काचेवर काळं फडकं, आणि तशीच उचलून गच्चीवर न्यायची. तिथं फडकं काढून ऊन द्यायचं, पुन्हा झाकायचं आणि पळत खाली येऊन नळाखाली धरायचं. जिथं ऊन पडलं तिथला मसाला घट्ट होऊन बसतो, पाण्यानं हलत नाही. जिथं अक्षराची सावली पडली होती तिथला मऊच राहतो आणि धुऊन जातो. मग जाळीत अक्षर उघडतं. पहिल्यांदा माझ्या हातून अक्षर उघडलं तेव्हा मी हातातलं काम टाकून ते सासूबाईंना दाखवायला नेलं होतं. त्या म्हणाल्या, "भाकरी करपायलीय."

हे असं का होतं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. लेक परभणीला बी.एस्सी.ला गेली आणि केमिस्ट्री शिकायला लागली. एका सुट्टीत ती गच्चीवर माझ्याजवळ बसून म्हणाली, "आई, तुझ्या मसाल्यात लांबच लांब साखळ्या असतात. एकमेकीपासून मोकळ्या असतात म्हणून पाण्यात सुटतात. ऊन पडलं की ते नारिंगी पाणी बदलतं आणि एका साखळीला दुसरीशी बांधून टाकतं. जेवढं ऊन तेवढ्या गाठी."

"म्हंजे आपल्या भावकीवाणीच की," मी म्हटलं.

"भावकी सुटती गं आई. हे न्हाई सुटत."

ऊन किती वेळ द्यायचं याचं घड्याळ माझ्याकडं नव्हतं. काच दोन्ही हातांनी धरलेली, नजर जाळीवर, मनगटाकडं बघायला फुरसत कुठली. मी आईची दळणाची ओवी म्हणायची. चैत्र-वैशाखात ओवी भराभर म्हणायची, संक्रांतीच्या सुमाराला रेंगाळत म्हणायची, कारण तेव्हा ऊन तिरकं आणि दमलेलं असतं. सगळ्यात फसवं ऊन पातळ ढगातलं. डोळ्याला वाटतं भरपूर उजेड आहे, पण मसाला अर्धाकच्चा राहतो आणि पाण्याखाली धरला की नवरीच्या नावासकट सगळं वाहून जातं. जास्त दिलं तरी पंचाईत. सावलीच्या कडांतूनही उजेड आत शिरतो आणि अक्षर उघडतच नाही. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात जाळी घासून घासून कोरी करायची आणि पहिल्यापासून सुरू. ते घासणंही याच हातांनी.

परभणीत एकाकडं दिव्यांची पेटी होती. पेटीत जाळी ठेवायची, बटण दाबायचं, सावलीत बसून चहा प्यायचा. मी एकदा ह्यांच्याजवळ विषय काढला. हे हसून म्हणाले, "उन्हाला काय बिल येतंय का?" ऊन फुकट आणि बायको घरची, मग पेटी आणणार कोण? मसाल्याच्या डब्यावर हातमोज्याचं चित्र होतं. तेवढं बघून ह्यांनी एक जोड आणला. तो महिन्याभरात फाटला आणि नवा काही आला नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "मोज्यानं हाताला अंदाज येत न्हाई." त्यांच्या हाताला कसला अंदाज घ्यायचा होता देव जाणे, हात तर माझे होते.

नारिंगी पाण्याचा डाग साबणानं जात नाही. आधी पिवळा दिसतो, मग तपकिरी होतो. माहेरी, झरीला, चुलतबहिणीच्या लग्नात बायका मला चिडवायच्या, "अगं, तुझी हळद अजून उतरली न्हाई का?" मीही हसायची. नंतर नंतर बोटांच्या पेरांवर बारीक खड्डे पडायला लागले. वरून खपली, आत ओलं. दुखायचे कमी, पण भरून यायचे नाहीत. गरम पाण्यात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठात हात घातला की मात्र डोळ्यांत पाणी यायचं.

आणि त्यावर आमच्या घरात औषध काय, तर ऊन. आमच्याकडं ऊन सगळ्यावर चालतं. गव्हाला ऊन, तुरीच्या डाळीला ऊन, वाकळांना ऊन, लोणच्याच्या बरणीला ऊन, बाळंतिणीच्या बाळालाही कोवळं ऊन. सासूबाई म्हणाल्या, "तेल लाव अन् उन्हात धर. किडा मरतो." म्हणून दुपारचं काम संपलं की मी डागाळलेले हात तसेच पुढं करून अंगणात बसायची. मुळं वाळत घालावीत तशी दहा बोटं पसरून. खोटं कशाला बोलू, मला ते बसणं आवडायचं. तेवढा वेळ मला कुणी काम सांगत नव्हतं.

लेकीला हे कळलं तेव्हा ती भाकरी खात होती. घास तिच्या हातातच राहिला. "आई, तू तेच पाणी लागलेले हात उन्हात धरायचीस?"

"मग? सगळे तेच म्हणायचे."

"अगं, कातडं म्हंजे तरी काय? त्यातही साखळ्याच असतात. चामडं कमावतात ना, ते ह्याच जातीच्या औषधानं. तू जाळीवर जे करायचीस तेच हातावर करीत बसलीस."

ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं, पण माझ्या आत आगीचा डोंब उसळला होता. सासूबाई तोवर गेल्या होत्या. हे खाटेवर होते, छातीच्या दुखण्यानं बोलायलाही दमायचे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. परभणीच्या कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे काम आजपासून बंद करा. तसंही ते बंदच पडत आलं होतं. लोक मोबाईलवर पत्रिका पाठवायला लागले होते आणि पिशव्या यंत्रावर छापून यायला लागल्या होत्या. त्याच वर्षी हे गेले. दुकानाचं शटर ओढलं ते मीच, तळव्यानं ढकलून, कारण बोटांनी ते ओढवत नव्हतं.

अंगठा मेलाय हे मला मोबाईलचं कार्ड घ्यायला गेले तेव्हा कळलं. दुकानदारानं छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. आत लाल उजेड लागायचा आणि विझायचा. मी दुसरा अंगठा ठेवला, मग एकेक बोट. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमचं काहीच उमटंना." सोबत लेक होती, शेवटी कार्ड तिच्या नावावर घेतलं. घरी येऊन मी अंगठा खिडकीपाशी धरून बघितला. कपाळाला कुंकू नाही याची मला सवय झाली होती, पण हे बघून मी हात पदराखाली घेतला.

त्यानंतर झरीला वडील वारले. आई आधीच गेली होती. मागं राहिलो आम्ही दोघं, मी आणि थोरला भाऊ, आणि काळ्या मातीची जमीन. त्यातला विहिरीजवळचा तुकडा मला पाहिजे होता. स्पष्ट सांगते, पाहिजे होता. बटईनं लावला असता तर वर्षाची ज्वारी आणि तूर घरात आली असती. हे हात बघून आता मला कुणी धुणं-भांड्याचंही काम देत नाही, आणि लेकीच्या जिवावर तिच्या सासरी जाऊन बसायची माझी तयारी नाही. कायद्यानं तो तुकडा माझाही होता. पण आमच्याकडं कायदा एकीकडं आणि रीत एकीकडं. बाप गेला की बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची, भावानं साडी-चोळी करायची, आणि सगळ्यांनी म्हणायचं, बहीण असावी तर अशी. जी मागते तिचं माहेर तुटतं. गावात अशी एक बाई आहे. तिचा विषय निघाला की बायका आवाज खाली करतात.

दादा सेलूला आला. चहा घेतला, लेकीची विचारपूस केली, ह्यांच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाला, "बाई, तुझी सही तेवढी लागायलीय. कागदाला. तुला काय परकं समजतो का मी? दिवाळीला, पंचमीला हक्कानं यायचं."

हक्कानं ये म्हणतो आणि हक्क सोड म्हणतो. हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण बाहेर आलं ते, "कवा यायचं?"

लेकीला फोनवर सांगितलं तर ती भडकली. "आई, न्हाई म्हण. साधं न्हाई म्हण. कामून घाबरतीस?"

"तुला सोपं हाय."

"सोपं न्हाई, पण तुझं हाय ना ते?"

मी फोन ठेवला. तिला सांगितलं नाही, पण माझ्या मनात एक विचार शिजत होता. रजिस्ट्रीच्या ऑफिसात अंगठा घेतात हे मला माहीत होतं. आणि माझा अंगठा कुठलंच यंत्र घेत नाही हेही माहीत होतं. म्हटलं, जाऊ. मुकाट्यानं जाऊ, भावाच्या शब्दाबाहेर नाही म्हणून नाव होऊ दे. अंगठा काही लागणार नाही. कागद अडेल. भाऊ वैतागेल, पण माझ्यावर नाही, यंत्रावर वैतागेल. तुकडाही राहील आणि माहेरही. जन्मभर या बोटांनी माझं वाटोळं केलं होतं, एवढं एक काम तरी त्यांनी करावं असं मला वाटलं. मी देवाजवळ तेच मागितलं.

ठरल्या दिवशी दादा जीप घेऊन आला. वहिनी पुढं बसलेली, मांडीवर साडीची पिशवी. मागं झरीचे भावकीतले दोघं जण, साक्षीला आणलेले. त्यातल्या एकाला मी कधी बघितलंही नव्हतं. परभणीपर्यंत सगळे पाऊस, सोयाबीन, कुणाच्या पोराला कुठं नोकरी लागली यावर बोलत होते. मला कुणी काही विचारलं नाही. मी हात पदराखाली धरून बसले होते.

ऑफिसात गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या कारकुनानं कागद उलटसुलट करून बघितले, माझा फोटो काढला आणि यंत्र माझ्याकडं सरकवलं. मी अंगठा ठेवला. उजेड लागला, विझला. "पुन्हा ठेवा." पुन्हा तेच. "दाबून ठेवा, बाई." मी दाबून ठेवला. दादानं खिशातला रुमाल काढून माझा अंगठा पुसला. लहानपणी ओढ्यातून आल्यावर तो माझे पाय पुसायचा, तेवढ्याच जपून. कारकून म्हणाला, "डोक्यावरून फिरवा, तेल लागू द्या." मी केसांवरून अंगठा फिरवला आणि ठेवला. काही नाही. वहिनीनं पदराचं टोक पाण्यात भिजवून दिलं. काही नाही. डावा अंगठा, मग बोटं, एकेक करून सगळी. मागं रांगेतले लोक कुरकुरायला लागले होते.

दादाच्या कपाळाला घाम आला होता. मी खाली मान घालून उभी होते, तोंड पडलेलं, आणि आतून मला लय बरं वाटत होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी अंगठ्याकडं बघत होते आणि मनात त्याला शाबासकी देत होते.

"कसलं काम करता हातानं?" कारकुनानं विचारलं.

"छपाईचं काम होतं. केमिकल."

"मग राहू द्या," तो म्हणाला. "साक्षीदार आणलेत ना दोघं? त्यांनी ओळख पटवायची, अंगठा न लागल्याचा शेरा मारतो. होतंय."

होतंय. एवढ्या सहज म्हणाला तो. भावकीतले दोघं पुढं आले. ज्याला मी ओळखत नव्हते तोच आधी बोलला, "व्हय साहेब, हीच ती. आमच्या गावचीच लेक हाय. आमच्या डोळ्यांम्होरं वाढली." दुसऱ्यानं मान हलवली. दोघांचे अंगठे यंत्रानं पहिल्या झटक्यात घेतले.

मग आत साहेबांच्या टेबलापाशी नेलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. आवाज चांगला होता त्यांचा, घाई नव्हती. म्हणाले, "बाई, हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? राजीखुशीनं सोडताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

तेवढं एक दार उघडं होतं. आत अंगठा नव्हता, यंत्र नव्हतं, नुसती मी होते आणि माझं तोंड. दादा माझ्याकडं बघत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. वहिनी माझ्याकडं बघत होती. मला लेकीचा आवाज ऐकू येत होता, साधं न्हाई म्हण. आणि मला आवाज खाली करून बोलणाऱ्या बायका दिसत होत्या.

"व्हय," मी म्हटलं. "राजीखुशीनं."

सही मी चांगली केली. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार आहे. बाहेर आल्यावर दादानं सगळ्यांना रसवंतीवर नेलं. वहिनीनं तिथंच बाकड्यावर बसवून माझी ओटी भरायच्या ऐवजी नुसती साडी हातात दिली, कारण विधवेची ओटी भरत नाहीत. साडी राखाडी रंगाची होती. भावकीतला तो माणूस रसाचा ग्लास ठेवून म्हणाला, "बहीण असावी तर अशी." मला त्याच्या अंगावर रस फेकावासा वाटला. मी तो पिऊन टाकला, कारण उन्हानं घसा कोरडा पडला होता.

दिवाळीला मी गेले नाही आणि कुणी न्यायलाही आलं नाही.

हिवाळ्यात रेशनच्या दुकानावर नवीन टूम निघाली. कार्डावरच्या प्रत्येक माणसानं येऊन अंगठा द्यायचा, नाहीतर नाव कमी होणार. दुकानदार ओळखीचा, त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका माझ्याच जाळीवर उतरलेली. मी अंगठा ठेवला, बोटं ठेवली. त्याला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, "काकू, मी रोज बघतो तुम्हाला, पण माझ्या बघण्याला किंमत न्हाई. यंत्रानं बघितलं पायजे."

मी म्हटलं, "साक्षीदार आणले तर? दोघं. रजिस्ट्रीत चाललं होतं."

"इथं कसलं साक्षीदार, काकू? पण तालुक्याला अर्ज करून बघा. सोबत घरचा एखादा बाप्या माणूस न्या, म्हंजे ऐकून तरी घेतील."

घरचा बाप्या माणूस म्हणजे आता एकच. मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. एक दिवस ये, म्हटलं, तू नुसतं माझ्यासोबत उभं राहा आणि सांग की ही माझी बहीण आहे.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "यंत्रच न्हाई म्हणायलंय, तर मी येऊन काय करू, बाई?"